हळू चालवू नये

४ जुलै

चि. भाऊस,
अनेक उ. आ.

तुझं पत्र मिळालं. डाव्या हाताचं अक्षर म्हणजे शाईत पडलेली मुंगी कागदावर वाळायला निघालीय असं दिसतं, पण वाचता आलं. डॉक्टरांनी रोज एक पान लिहायला सांगितलंय, तर ते पान मलाच पाठवत जा. भिंतीला दाखवून काय उपयोग?

माझ्याकडची बातमी अशी की मी शिकवणी लावली आहे. शिवणाची नाही, पेटीचीही नाही. पोलिश भाषेची. मंगळवारी आणि गुरुवारी कारखाना सुटल्यावर साडेसहा ते आठ. शाळेच्या वरच्या मजल्यावर, तिसरीच्या वर्गात. बाक इतके बुटके की गुडघे हनुवटीला लागतात. आम्ही सहा जण आहोत. एक परिचारिका तिकडे नोकरीला जाणार आहे, एक निवृत्त स्टेशनमास्तर घरी बायकोशी पटत नाही म्हणून येतो, आणि बावन्नाव्या वर्षी अक्षर गिरवणारी मी. बाई मूळच्या तिकडच्या. लग्न करून इथे आल्या, नवरा गेला, पण त्या राहिल्या.

आता तू विचारशील, हे कशासाठी. भाऊ, गेल्या ऑक्टोबरात तुझ्या अपघाताचा दोष तुझ्यावरच ठेवणारा चौकशीचा अहवाल माझ्याच हातांनी टाइप झाला. चार पानं, कार्बन लावून तीन प्रती. साहेब माझ्या खुर्चीमागे उभा राहून सांगत होता आणि मी बडवत होते. पुठ्ठ्याला घड्या पाडणाऱ्या त्या यंत्राची संरक्षक जाळी काढून काम करायला यंत्राच्या पुस्तिकेत परवानगीच आहे, फक्त त्या वेळी यंत्र हळू चालवू नये; कामगाराने वेग कमी केला, पुठ्ठा अडकला, कामगाराने हात घातला; सबब दोष कामगाराचा. वेग कमी-जास्त करायच्या मुठीवरचा काटा खालच्या खुणेवर सापडला, हा पुरावा. पुस्तिका पोलिशमध्ये. भाषांतर खुद्द साहेबाचं, कारण सबंध कारखान्यात सहा महिने तिकडे राहून आलेला तो एकटा. सगळे त्याला 'तिकडचे साहेब' म्हणतात ते उगाच नाही. 'आम्ही तिकडे होतो तेव्हा' हे शब्द पुढे लावल्याशिवाय त्याचं वाक्य दारातून बाहेर पडत नाही.

ती पुस्तिका त्याच्या काचेच्या कपाटात आहे. मला ती माझ्या डोळ्यांनी वाचायची आहे. बाईंना दाखवून मोकळी झाले असते, पण या वर्गाचं उद्घाटन त्याच्याच हस्ते झालं होतं. कोण कुणाचं, देव जाणे. दुसऱ्याच्या तोंडून मला काही ऐकायचं नाही. एकदा ऐकलं तेवढं पुरे झालं.

चूक सापडली तर मी त्याला सोडणार नाही. तुझ्या बायकोला आशीर्वाद सांग. माया आहेच, ती पत्रागणिक मोजायला नको.
तुझी ताई

१५ जुलै

ति. ताईस,
डाव्या हाताचा सा. न. वि. वि.

तुझी शिकवणी वाचून हसू आलं. लहानपणी तुला पाढे पाठ होईनात म्हणून मी मागून सांगायचो. आता मागून कोण सांगणार? पोलिश शिव्या आधी शिक. निदान मला लिहून तरी पाठवता येतील.

पण ताई, खरं सांगू? सोडून दे. झालं ते झालं. सासऱ्यांच्या दुकानात खिळे-बिजागऱ्या तोलून देतो, उजव्या हाताच्या उरलेल्या दोन बोटांत खिळे धरता येतात. कुणी काही विचारत नाही. तू त्याच माणसाच्या हाताखाली रोज बसतेस. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? त्या दिवसाबद्दल मला बोलायचं नाही आणि आठवायचंही नाही.

तब्येतीला जप. डब्यात नुसती पोळी नेऊ नकोस. ओढ आहे तशीच राहू दे.
तुझा भाऊ

२० सप्टेंबर

चि. भाऊस,
अ. उ. आ.

शिव्यांचं बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या आधी विभक्ती, मग शिव्या. विभक्ती सात आहेत. तेव्हा शिव्या यायला वर्ष जाईल.

साहेबाला रोज सकाळी दहा वाजता चहा आणि टपाल मीच देते. तो बोलत असतो आणि मी मनात क्रियापदं चालवत असते. परवा म्हणाला की मी हल्ली फार शांत झाले आहे, कामात लक्ष घालते. मी म्हटलं, होय साहेब. मांजर उंदराच्या बिळापाशी बसतं तेव्हा तेही शांतच असतं.

गेल्या मंगळवारी एक प्रकार झाला. बाईंनी आकडे शिकवले. सगळ्यांना हात वर करायला लावले आणि बोटं मोजायला सांगितली. यांच्या भाषेत दोन, तीन, चार बोटांना एक रूप आणि पाच झाली की दुसरं. दोन असतील तर 'द्वा पाल्त्से', पाच असतील तर 'प्येंच पाल्त्सुफ'. मी पाचाचं म्हटलं आणि मग दोनाचं म्हणायची पाळी आली, तेव्हा मला तुझा हात दिसला. दप्तर उचललं आणि घरी आले. गुरुवारी परत गेले. रागावून घरी बसले तर तो जिंकला.

आणि आता वाईट बातमी. साहेब दौऱ्यावर होता तेव्हा कपाटाची धूळ झटकायच्या निमित्ताने पुस्तिका काढली आणि जाळीच्या चित्राखालचं ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. त्यात शब्द आहेत 'न्ये वोल्नो'. 'न्ये' म्हणजे नाही. 'वोल्नो' म्हणजे हळू, हे मला पक्कं ठाऊक आहे. परिचारिका घाईने बोलू लागली की बाई तिला दर वेळी तेच म्हणतात, वोल्नो, वोल्नो. म्हणजे तो म्हणतो तेच खरं निघालं. अडीच महिने बुटक्या बाकावर बसून मी त्याच्याच बाजूची साक्ष गोळा केली. त्या संध्याकाळी चूल पेटवली नाही.

पण शिकवणी सोडलेली नाही. का, ते विचारू नकोस. मायेत कसर नाही.
तुझी ताई

२ ऑक्टोबर

ति. वन्सं यांस,
शि. सा. न.

यांच्याऐवजी मी लिहिते आहे, राग नसावा. तुमचं बोटांचं पत्र वाचून यांनी पेन फळीवर ठेवून दिलं ते आठ दिवस खाली काढलं नाही. दुकानात जातात, येतात. वन्सं, तुम्हाला एक सांगते. यांना स्वतःलाच वाटतं की चूक यांची होती. म्हणतात, काटा खाली सापडला म्हणजे मीच वेग कमी केला असणार, नाहीतर तो तिथे गेला कसा? त्या दिवशी यंत्र सुरू केल्यापासूनचं यांना काही आठवत नाही. जे आठवत नाही त्याचा कबुलीजबाब हा माणूस रोज स्वतःलाच देतो.

एवढं मागणं आहे, बोटांचं लिहू नका. पण शिकवणी सोडू नका. हे सांगितलंत तर माझ्यावर चिडतील, म्हणून माझं पत्र फाडून टाका. या साहेबाने अहवालावर सही केली तेव्हा मी दवाखान्याच्या पायरीवर यांचा सदरा धुवत होते. डाग निघाला नाही. तुम्हीच काय ते करा.

पाठीशी राहा.
तुमची भावजय

१४ नोव्हेंबर

चि. भाऊस,
अनेक उ. आ.

हे पत्र बसून वाच, आणि दोघांनी वाचा.

काल पुस्तकातला धडा होता बागेचा. चित्रात हिरवळ, आणि हिरवळीत पाटी. पाटीवर तेच दोन शब्द, न्ये वोल्नो, आणि पुढे तुडवण्याचं क्रियापद. बाईंनी मला अर्थ सांगायला सांगितला. मी ठणकावून सांगितलं, हिरवळ हळू तुडवू नये. वर्ग हसला. स्टेशनमास्तर म्हणाला, म्हणजे धावत तुडवावी. बाई तर चष्मा काढून डोळे पुसायला लागल्या. मग त्यांनी फळ्यावर लिहून समजावलं. हा शब्द एकटा असला, चालण्याबोलण्याविषयी असला, तर हळू. पण क्रियापदाच्या मूळ रूपाआधी आला तर त्याचा अर्थ मुभा आहे. आणि 'न्ये' लागला की मनाई. हिरवळ तुडवण्यास मनाई आहे. तिकडे हे दोन शब्द दर दारावर, दर कुंपणावर असतात, शाळेत न गेलेलं पोरही ते ओळखतं, असं त्या म्हणाल्या.

भाऊ, मी वर्ग सुटेपर्यंत बसून राहिले. सगळे गेल्यावर वही उघडून ते वाक्य बाईंपुढे ठेवलं. त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं आणि माझ्या शेजारी त्या बुटक्या बाकावर बसल्या. जाळी काढलेली असताना यंत्र सुरू करण्यास मनाई आहे. एवढंच आहे त्यात. हळू नाही, जोरात नाही. सुरूच करायचं नाही. आणि त्या माणसाने चार वर्षं तुम्हाला उघड्या यंत्रावर उभं केलं, पुठ्ठा लवकर निघतो म्हणून.

तुझा हात कसा गेला ते मी बाईंना सांगितलं. त्यांनीही मला एक गोष्ट सांगितली. वर्गाच्या उद्घाटनाला त्या आपल्या भाषेत त्याच्याशी दोन वाक्यं बोलल्या होत्या. त्याने मान डोलावली आणि चढला व्यासपीठावर. त्याला भाषा येत नाही हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. पाहुण्याची लाज कशाला काढा म्हणून गप्प बसल्या.

आता त्याची गंमत बघ. भाषा येते म्हणाला, तर मनाई वाचूनही त्याने तुला तिथे उभं केलं. येत नाही म्हणाला, तर न कळणाऱ्या कागदावर त्याने सही ठोकली. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे उभं करणार मी. कारखाना निरीक्षकांकडे फेरचौकशीचा अर्ज दिला आहे. टाइप मीच केला, त्याच टाइपरायटरवर.

तू येशील ना? माझा जीव तुझ्यापाशी आहे.
ताई

२३ नोव्हेंबर

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र दोघांनी वाचलं. तुझी भावजय उठून आत गेली, मग बाहेर येऊन पुन्हा वाचायला लावलं. मला काय वाटलं ते लिहिता येत नाही, आणि ते अक्षराच्या दोषामुळे नाही.

मी येणार नाही. त्या माणसासमोर उभं राहिलो की मीच चोर असल्यासारखं होतं. जाळीचं तू म्हणतेस ते खरं असेल. पण काटा खाली होता. माझ्याच हाताने गेला असणार. ते कुणी विचारलं तर काय सांगू?

तू जा. रागाच्या भरात स्वतःची नोकरी घालवू नकोस. जपून राहा.
भाऊ

१९ डिसेंबर

चि. भाऊस,
अ. उ. आ.

काल झालं. सगळं सांगते.

चौकशी उपाहारगृहात झाली. चार टेबलं जोडली होती. निरीक्षक किडकिडीत गृहस्थ, सर्दीने बेजार, सारखे रुमाल शोधत होते. घडीखात्यातले अकरा जण भिंतीला लागून उभे. साहेब नवा कोट घालून आला होता. मला पाहून हसला. त्याला वाटलं मी इतिवृत्त लिहायला आले आहे. मग निरीक्षकांनी तक्रारदार म्हणून मला बसायला खुर्ची दिली, तेव्हा ते हसू तोंडावरच सुकलं.

निरीक्षकांनी विचारलं, भाषांतर तुमचं का. तो म्हणाला, अर्थात. आम्ही तिकडे होतो तेव्हा सगळा व्यवहार त्याच भाषेत चाले. हे लिहून घ्या, मी म्हटलं, आणि ते लिहून घेतलं गेलं. मग मी विनंती केली की माझ्या बाई हजर आहेत, त्यांना साहेबांशी दोन शब्द बोलू द्यावे. बाईंनी अगदी मायेने विचारलं, आमच्या चौथ्या धड्यातला प्रश्न, आपण तिकडे कुठे राहत होता? परिचारिकेलाही आला असता. साहेबाने सगळ्यांकडे पाहिलं, कोट सारखा केला आणि म्हणाला, 'जेंकूये'. म्हणजे आभारी आहे.

बाईंनी पुन्हा विचारलं, सावकाश. तो पुन्हा म्हणाला, आभारी आहे.

मी निरीक्षकांना त्याचा अर्थ सांगितला. भिंतीपाशी कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग अकराच्या अकरा जण हसले. भाऊ, तो आवाज मी कानात भरून घेतला आहे. घाम त्याच्या कॉलरवरून खाली आला. अखेर बोलला की भाषा येत नाही. तिकडे राहिला तो आपल्याच लोकांत, दुभाष्याच्या भरवशावर. शब्दकोशात 'हळू' हा अर्थ पहिला होता, तोच त्याने घेतला. मुद्दाम काही केलं नाही. निरीक्षकांनी विचारलं, मग सही का केलीत? त्यावर त्याने नवा कोट काढून मांडीवर घेतला.

जुना अहवाल रद्द. कामगाराचा दोष नाही, असं नव्या अहवालात येणार. त्याला कामावरून दूर केलं आहे, पुढचा निर्णय महिनाभरात. मला आनंद झाला आणि तो मी कुणापासून लपवणार नाही. घरी येऊन दोन वेळचं एकदम जेवले.

हे पत्र तुझ्या बायकोला मोठ्याने वाचून दाखव. जेंकूयेसकट.
तुझी ताई

९ जानेवारी

चि. भाऊस,
अ. उ. आ.

हे पत्र लिहायला तीन वेळा बसले आणि उठले.

परवा साहेब आपल्या खोलीतलं सामान न्यायला आला होता. एक खोका, त्यात चष्म्याचं घर, कुंडी, तिकडे काढलेला बर्फातला फोटो. शिपायानेही खोका धरला नाही. जिन्यावर तो दम खायला बसला, मी वरून उतरत होते. वाट सोडायला उठला आणि मला नमस्कार केला. त्याच्या बायकोने नंतर घरी येऊन सांगितलं की तू जर लिहून दिलंस, तुझी वैयक्तिक तक्रार नाही, तर त्याला निदान गोदामावर ठेवतील, खटला होणार नाही. तसं पत्र टाइप करून तो तुझ्याकडे येणार आहे.

मी सहा महिने त्याला मनात रोज फाडून खाल्लं. आता पोट भरलं आहे असं वाटतं. बढाईखोर माणूस, आपलं अज्ञान झाकायला गेला आणि त्यात तुझा हात गेला. मूर्ख होता, खुनशी नव्हता. वाटलं तर सही दे. तुझं नाव स्वच्छ झालं, मला तेवढंच हवं होतं.

बाई विचारत होत्या, आता वर्ग सोडणार का. मी पुढच्या सत्राचं नाव घातलं. माझी ओढ तुला ठाऊक आहे.
ताई

२३ जानेवारी

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, तो आला. मी दुकानातून जेवायला घरी आलो होतो. त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. त्याने टाइप केलेला कागद काढला. मी खरंच सही करणार होतो, ताई. तू म्हणालीस म्हणून, आणि मलाही वाटलं की काटा तर माझ्याच हातून खाली गेला, मग सगळं पाप त्याच्या माथी का मारायचं?

मी वाचत होतो तेव्हा त्याचे डोळे भरून आले. माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, "काटा मी खाली आणला ते तू चौकशीत बोलला नाहीस, हे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. तुझे डोळे उघडे होते, तू पाहिलं होतंस, मला माहीत आहे."

मी काहीच पाहिलं नव्हतं. म्हणजे आठवत नव्हतं. पण त्याने म्हटलं आणि ते समोर आलं, सगळंच्या सगळं. मी जमिनीवर. हात अजून यंत्राच्या रुळांत. त्याचे बूट माझ्या अंगावरून पलीकडे गेले. मला वाटलं, बंद करायला निघाला. त्याने बंद केलं, मग वाकून काटा बघितला आणि तो सावकाश खालच्या खुणेवर आणला. रुमालाने मूठ पुसली. मग घंटा वाजवली. माझ्याकडे पाहिलं ते त्यानंतर. ताई, मी वेग कमी केला नव्हता. त्याने सांगितल्याप्रमाणे पूर्ण वेगावर चालवत होतो. पंधरा महिने मी स्वतःला खात होतो.

तू म्हणतेस, मूर्ख होता, खुनशी नव्हता. शब्दाच्या बाबतीत मूर्ख होता. काट्याच्या बाबतीत नव्हता.

मी त्याला म्हटलं, डाव्या हाताने सही नीट जमत नाही, कागद ठेवून जा, सोमवारी या. कोपऱ्यापर्यंत पोचवायला गेलो. त्याने मला देवमाणूस म्हटलं. परत आलो तर तुझी भावजय स्वयंपाकघराच्या दारात उभी. तिने शब्दन् शब्द ऐकला होता. पदर खोचूनच ठेवला होता.

शुक्रवारी आम्ही दोघं पहिल्या गाडीने निरीक्षकांच्या कचेरीत गेलो. मी स्वतः लिहिलेला जबाब दिला, साडेतीन पानं. तिने साक्ष दिली आणि साहेबाचं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. निरीक्षक रुमाल हातात धरूनच बसले, नाक पुसायचं विसरले. आता फौजदारी गुन्हा दाखल होईल. तुला आधी कळवलं नाही, कारण तू मधे पडली असतीस. ताई, तुझी दया मला समजते. तू तुझा सूड घेतलास, पोटभर घेतलास. माझा अजून सुरूही झाला नव्हता.

सोमवारी तो आला, सोबत मिठाईचा पुडा. मी त्याला त्याच खुर्चीवर बसवलं आणि जबाबाची नक्कल हातात दिली. वाचायला त्याला वेळ लागला नाही. मराठीत होती. अर्ध्यावर आल्यावर त्याने वर पाहिलं, आणि ज्या नजरेने त्या दिवशी मी त्याच्याकडे पाहिलं असेल, तीच नजर मला दिसली. मी पाणी विचारलं नाही. पुडा त्याच्या हातात परत दिला आणि दार उघडून धरलं. जाईपर्यंत धरून उभा राहिलो. उजव्या हाताने.

निरीक्षकांपुढची सुनावणी पुढच्या महिन्यात आठ तारखेला आहे. या वेळी मी येणार आहे. बाईंना माझा नमस्कार सांग. लोभ असू दे, पण सगळा माझ्यावरच असू दे. त्याच्यासाठी त्यातला कणभरही बाजूला काढू नकोस.
तुझा भाऊ